रक्ती हगवण आणि परसातील औषधे

पावसाने जोर धरला, भाताच्या लावण्या आटोपल्या, की आमच्याकडे येणाऱ्या मंडळींच्या बोलण्यात एक विषय हटकून निघतो. "फादर, पिल्ले तांबडे हगू लागली आहेत. हळद आणि कडुलिंबाचा पाला वाटून पाजला तर चालेल ना?" विचारणारी बहुधा घरातील सासू नाही तर सून असते. ब्रॉयलरची शेड कारभाऱ्याच्या नावे असली, तरी तेथील झाडलोट, दाणा आणि पाणी ही सारी तिच्याच हातची कामे. पिल्ले उधारीवर आणलेली, खाद्याची पोती दुकानदाराच्या वहीवर लिहिलेली. पाचव्या-सहाव्या आठवड्यात माल उचलला जावा आणि त्यातून शाळेची फी व दुकानाची बाकी भागावी, असा सारा हिशेब मनात मांडून ठेवलेला असतो. मग चोविसाव्या किंवा पंचविसाव्या दिवशी पहाटे तुसावर रक्ताचे डाग दिसले, म्हणजे त्या माउलीच्या पोटात गोळा उठावा यात नवल ते काय?

या प्रश्नास होय किंवा नाही असे एका शब्दात उत्तर देता येत नाही. उभ्याउभ्या दिलेले उत्तर घरी पोचेपर्यंत अर्धे राहते, असाही अनुभव आहे. म्हणून आज हा विषय थोडा विस्ताराने मांडावा असे आम्ही योजिले आहे. वाडवडिलांच्या पाल्यामुळ्यांत सर्व रोगांचा उतारा आहे असे मानणारे लोक आपल्यात आहेत. आणि बाटलीवर छापील चिठ्ठी नसेल तर ते औषधच नव्हे असे म्हणणारेही आहेत. आम्हांस दोन्ही पक्षांचे थोडथोडे पटते, पण पुरते कोणाचेच पटत नाही.

प्रथम रोगाची ओळख करून घेऊ. रक्ती हगवण, जिला पशुवैद्यक कॉक्सिडिओसिस म्हणतात, ती जंतांमुळे होत नाही. ही गोष्ट नीट ध्यानात धरली पाहिजे, कारण पुष्कळजण जंतांचे औषध पाजून मोकळे होतात आणि त्याचा येथे काडीइतका उपयोग होत नाही. जंत डोळ्यांना दिसतात. हा शत्रू एकाच पेशीचा, सूक्ष्मदर्शकाखेरीज न दिसणारा जीव आहे. हॉलंडच्या लेव्हेनहूक या गृहस्थाने आपल्या घरी घासलेल्या भिंगातून १६७४ साली सशाच्या पित्तात काही अंडाकृती कण पाहिले. ते याच जातकुळीचे असावेत असे आजचे शास्त्रज्ञ मानतात. पुढे दोनशे वर्षांनी या कुळास थिओडोर आयमर या प्राणिशास्त्रज्ञाच्या नावावरून 'आयमेरिया' असे नाव पडले. कोंबडीच्या आतड्यात घर करणाऱ्या आयमेरियाच्या सात जाती फार पूर्वीपासून ठाऊक आहेत. प्रत्येकीने आतड्याचा आपला असा भाग वाटून घेतला आहे. अॅसरव्हुलिना वरच्या भागात राहते, मॅक्सिमा मधल्या भागात, आणि टेनेला शेवटाकडील दोन आंधळ्या पिशव्यांत. तांबडे रक्त दिसते ते बहुधा या टेनेलाचे काम. इतर कित्येक जाती रक्त न दाखवताच पिल्लाचे वजन चोरतात. पिल्लू खाते, पण अंगी लागत नाही. आणि मालक खाद्याच्या कंपनीस दोष देत बसतो.

मनुष्यास या जिवापासून भय नाही. कोंबडीचा आयमेरिया कोंबडीतच वाढतो. शेळीला, सशाला याच कुळातील पण निराळ्या जाती ग्रासतात. घरातील लेकरे शेडमध्ये गेली म्हणून त्यांना ही हगवण लागत नाही. मात्र तेथून आल्यावर हात धुवावेत, कारण कोंबडीच्या विष्ठेत मनुष्यास बाधक असे दुसरे पुष्कळ जंतू असतात.

आता हा जीव पसरतो कसा ते पाहू, कारण सर्व उपायांची किल्ली तेथेच आहे. आजारी पिल्लाच्या विष्ठेतून याची कवच असलेली बीजे बाहेर पडतात. ताजे पडलेले बीज निरुपद्रवी असते. त्याला ऊब, ओल आणि हवा ही तिन्ही मिळाली, तर एक-दोन दिवसांत ते पिकते आणि त्याच्या पोटात आठ अंकुर तयार होतात. असे पिकलेले बीज दाण्याबरोबर किंवा पाण्याबरोबर दुसऱ्या पिल्लाच्या पोटात गेले, की दाणे भरडणाऱ्या जठरात त्याचे कवच फुटते, पित्त व पाचक रसांनी आतले अंकुर मोकळे होतात आणि आतड्याच्या अस्तरातील पेशींत शिरतात. तेथे एकाचे शेकडो होतात, पेशी फोडून बाहेर येतात, नव्या पेशींत शिरतात, पुन्हा शेकडो होतात. टेनेलाची दुसरी पिढी अस्तरात खोल वाढते. ती फुटते तेव्हा बारीक रक्तवाहिन्या तुटतात, आणि बीज पोटात गेल्यापासून साधारण पाचव्या दिवशी विष्ठेत रक्त दिसते. त्यानंतर नर-मादी पेशींचे मीलन होऊन नवी बीजे बनतात आणि सातव्या दिवसाच्या सुमारास ती लाखांच्या संख्येने तुसावर येऊन पडतात.

येथे एक विलक्षण गोष्ट आहे, आणि आमच्या मते या लेखात ध्यानात ठेवण्यासारखी तीच अधिक आहे. या जिवाच्या पिढ्या मोजक्या असतात. दोन-तीन फेऱ्या झाल्या की पोटातली वाढ आपोआप थांबते. पिल्लाच्या पोटात नवी पिकलेली बीजे फारशी गेली नाहीत, तर जे पिल्लू सहावा दिवस निभावून नेते ते आठव्या-नवव्या दिवशी पुन्हा दाणा टिपू लागते. म्हणजे रक्त दिसल्यावर तुम्ही त्यास हळद पाजा, कोरफड पाजा, ताक पाजा किंवा नुसते विहिरीचे पाणी पाजा, जगायचे ते पिल्लू तीन-चार दिवसांत उभे राहणारच. ज्याने जे पाजले त्यास त्याचे श्रेय मिळते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, तसा हा प्रकार आहे. मेलेल्या पिल्लांची गणती मात्र औषधाच्या खात्यावर कोणी मांडीत नाही; "त्यांचे दिवस भरले होते" असे म्हणून ती परड्यात पुरली जातात. आम्ही कोणाच्या अनुभवास खोटे म्हणत नाही. अनुभव खराच असतो; त्यातून काढलेला अर्थ तपासून घ्यावा, इतकेच आमचे म्हणणे.

मग तपासावयाचे कसे? एकाच दिवशी जन्मलेली पिल्ले घेऊन त्यांचे दोन गट करावे लागतात. दोहोंस मोजून तितकीच बीजे पाजावी लागतात. एका गटास पाला द्यायचा, दुसऱ्यास नाही. नंतर मेलेली किती, वजन किती वाढले, आतड्यावर व्रण किती, विष्ठेत बीजे किती, हे सारे मोजायचे. अशी कसोटी शेडमध्ये होत नाही. तिच्यासाठी प्रयोगशाळाच लागते. सुदैवाने अशा कसोट्या अनेक देशांत झालेल्या आहेत.

वनस्पतींकडे वळण्यापूर्वी इतर औषधांचा वृत्तांत थोडक्यात सांगतो. १९२० नंतरच्या काळात अमेरिकेत या रोगावर दुधाची भुकटी आणि ताक खाऊ घालण्याची शिफारस होत असे. ती टिकली नाही. मग गंधक आले. त्याने रोग काहीसा आवरला, पण पिल्लांची हाडे मऊ पडू लागली. १९३९ मध्ये लेव्हिन या संशोधकाने सल्फा औषधाचा गुण दाखवून दिला, आणि १९४८ पासून सल्फाक्विनॉक्सलीन खाद्यातून देण्याची वहिवाट सुरू झाली. १९६० च्या सुमारास अॅम्प्रोलियम आले, आणि १९७१ मध्ये मोनेन्सिन. आजचा सारा ब्रॉयलर धंदा या व यांसारख्या औषधांच्या आधारावर उभा आहे. परंतु प्रत्येक औषधाच्या मागोमाग त्यास न जुमानणारे आयमेरियाही निपजले. कोणते औषध दोन वर्षे चालते, कोणते दहा वर्षे, इतकाच काय तो फरक. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या रोगामुळे जगभर होणारे नुकसान २०१६ च्या भावाने सुमारे १,०४० कोटी पौंड इतके काढलेले आहे. म्हणजे दर कोंबडीमागे सोळा पेन्स. त्यात मेलेल्या पिल्लांचा वाटा आहेच, पण घटलेल्या वजनाचा आणि वाया गेलेल्या खाद्याचा मोठा वाटा आहे. औषधे बोथट होत चालली, आणि दुसरीकडे परदेशांतील ग्राहक औषधांवाचून वाढविलेली कोंबडी मागू लागला. अशा दुहेरी अडचणीतून शास्त्रज्ञांची दृष्टी पुन्हा झाडपाल्याकडे वळली.

ती पूर्वीही वळली होती. चीनमध्ये हिवतापावर चांग-शान नावाच्या झुडुपाची मुळी शतकानुशतके देत असत. तिच्यातील फेब्रिफ्यूजिन हे द्रव्य पोटास फार जाचक निघाले. परंतु त्याच्या रचनेत थोडा फेरफार करून हॅलोफ्यूजिनोन नावाचे औषध तयार करण्यात आले, आणि ते कोंबड्यांच्या खाद्यात या रोगासाठी वापरले गेले. हिवतापाच्या औषधाने हगवण कशी आवरते, असे वाचक विचारतील. याचे उत्तर असे की हिवतापाचा जंतू आणि आयमेरिया हे एकाच मोठ्या कुळातील भाऊबंद आहेत.

याच न्यायाने दुसरी एक वनस्पती पुढे आली, आणि तिची हकीकत अधिक बोलकी आहे. आर्टेमिसिया अॅन्युआ ही चीनमधील वर्षायू वनस्पती. हिवतापावर तिचा उल्लेख सोळा-सतरा शतकांपूर्वीच्या चिनी वैद्यकग्रंथात सापडतो. तू यूयू या विदुषीने १९७० नंतरच्या दोन-तीन वर्षांत तीतून गुणकारी अर्क काढला. पाला उकळला की गुण जातो, म्हणून तो कमी उष्णतेत काढावयाचा, ही युक्ती त्यांना त्या जुन्या ग्रंथातच मिळाली. २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. अमेरिकेत शेतीखात्याच्या संशोधकांनी १९९७ साली हाच पाला कोंबडीच्या पिल्लांवर अजमावला. वाळवलेला पाला खाद्यात शेकडा पाच या प्रमाणात तीन आठवडे घातला असता टेनेलाने होणारे व्रण लक्षणीय कमी झाले. अॅसरव्हुलिना व मॅक्सिमा यांवर मात्र पाल्याचा तसा परिणाम दिसला नाही. पाल्यातील आर्टेमिसिनीन हे शुद्ध द्रव्य किलोभर खाद्यात सतरा मिलिग्रॅम, किंबहुना त्याच्या निम्मे घातले तरी, टेनेला व अॅसरव्हुलिना या दोहोंची विष्ठेतून पडणारी बीजे घटली. पुढे स्पेनमधील संशोधकांनी असे दाखविले की या द्रव्याने बीजाचे कवचच नीट बनत नाही. कवच नसलेले बीज तुसात टिकणार कसे?

हे वाचून कोणी परसातला दवणा खुडावयास निघेल, म्हणून आधीच सांगून ठेवतो. दवणा हा याच कुळातील, नात्याने चुलतभाऊ म्हणा. पण औषधाची वनस्पती ती नव्हे. तो सुगंधासाठीच ठेवावा. खरी आर्टेमिसिया अॅन्युआ आपल्या देशात लखनौच्या औषधी वनस्पती संस्थेने रुजविली आणि तिचे वाणही काढले. ती शेतकऱ्यांकडून औषध कारखान्यांसाठी पिकविली जाते, आपल्या बांधावर उगवत नाही. शिवाय पाल्यातील आर्टेमिसिनीनचे प्रमाण वाणाप्रमाणे आणि वाळवण्याच्या रीतीप्रमाणे फार बदलते. एका पाल्यात दुसऱ्याच्या दहापट असू शकते. अंदाजाने मूठभर टाकण्याचे हे काम नाही.

आता हळदीकडे येऊ. त्याच संशोधकांनी १९९८ मध्ये खाद्यात शेकडा एक, म्हणजे क्विंटलभर खाद्यास एक किलो, हळदीची पूड घालून पाहिली. तिचा फायदा झाला. पण तो आतड्याच्या वरच्या आणि मधल्या भागातील जातींवर. रक्त पाडणारी टेनेला राहते त्या आंधळ्या पिशव्यांसाठी हळदीची तशी ग्वाही त्यांनी दिलेली नाही. म्हणजे आमच्या माताभगिनी ज्या लक्षणावर हळद पाजतात, नेमक्या त्याच लक्षणावर तिचा भरवसा कमी! याउलट जवसाचे पाहा. कोकणात जवसाची फारशी ओळख नाही, पण घाटावर जवसाची चटणी न खाणारे घर विरळा. जवस किंवा जवसाचे तेल पिल्लास पहिल्या दिवसापासून खाऊ घातले, तर टेनेलाचे व्रण कमी होतात असे त्याच प्रयोगमालेत आढळले. मॅक्सिमावर मात्र त्याचा गुण आला नाही. शिवाय जवस फार घातले तर वाढ खुंटते आणि मांसास वास येतो. एकीकडे बांधावे तर दुसरीकडे सुटते, असा हा मामला.

या साऱ्या प्रयोगांत एक गोष्ट समान आहे, ती वाचकांनी पाहिलीच असेल. पाला, हळद किंवा जवस ही द्रव्ये पिल्लाच्या पोटात बीज जाण्यापूर्वीपासून खाद्यात होती. रक्त दिसल्यावर पाजलेली नव्हती. रक्त दिसते तेव्हा अस्तर फाटून गेलेले असते. मग वर कितीही लेप लावला तरी फाटलेले तात्काळ सांधत नाही. खरे पाहता डॉक्टरांच्या औषधाचीही स्थिती थोडीबहुत तशीच आहे. अॅम्प्रोलियम मुख्यतः पहिल्या पिढीवर घाव घालते. रक्त टाकणाऱ्या पिल्लास त्याचा लाभ थोडा. पण शेजारच्या ज्या शंभर पिल्लांच्या पोटात बीज कालपरवा गेले, त्यांचा जीव वाचतो. म्हणूनच आजारी पिल्लू वेगळे काढून त्याच्याच चोचीत औषध ओतणे पुरेसे नाही. औषध साऱ्या शेडच्या पाण्यात जावे लागते, आणि तेही त्याच दिवशी.

ओरेगॅनो नावाची एक सुवासिक वनस्पती ग्रीसमध्ये डोंगरोडोंगरी उगवते. तेथील थेसालोनिकी शहरच्या संशोधकांनी तिच्या तेलाची परीक्षा २००३ साली केली. किलोभर खाद्यात ३०० मिलिग्रॅम तेल दिलेल्या पिल्लांची स्थिती काहीही न दिलेल्या पिल्लांहून चांगली राहिली. परंतु लॅसॅलोसिड हे नेहमीचे औषध दिलेल्या पिल्लांची बरोबरी ती करू शकली नाहीत. वनस्पतींवरील प्रामाणिक प्रयोगांचे निष्कर्ष बहुधा असेच मधले येतात. आपल्या ओव्यात जे थायमॉल आहे ते ओरेगॅनोतही असते, तेव्हा ओव्याकडूनही काही आशा बाळगता येईल. पण आशा ही पुराव्याच्या जागी बसविता येत नाही. कोरियात २००१ साली पंधरा वनस्पतींचे अर्क टेनेलावर अजमावले गेले. त्यांत पहिला क्रमांक आला तो सोफोरा नावाच्या तिकडच्या एका मुळीचा. लसणाच्या रसातील अॅलिसिन काचेच्या नळीत आयमेरियाच्या अंकुरांस निकामी करते. परंतु काचेची नळी आणि कोंबडीचे आतडे यांत अंतर आहे.

कडुलिंबाचे काय? त्याच्या पाल्याचे व फळांचे प्रयोग आपल्या देशात, पाकिस्तानात आणि आफ्रिकेतही झालेले आहेत, आणि काही गुण दिसल्याचे लिहिलेले आहे. पण कडुलिंब कडू आहे. ब्रॉयलरचा सारा संसार खाण्यावर चालतो. त्याने चार दिवस दाण्याकडे पाठ फिरविली, की रोगाने केले असते तितके नुकसान औषधानेच होते. मात्रा वाढली तर तो पिल्लास अपायकारकही ठरतो. पांढऱ्या कुड्याची साल आपल्याकडे माणसांच्या आमांशावर फार जुन्या काळापासून देतात. कुडा, दारुहळद, वावडिंग आणि वेखंड यांच्या मिश्रणाची पूड या रोगासाठी आपल्या देशात तयार होऊन तिच्या चाचण्याही झालेल्या आहेत. यांतील वावडिंग हे मूळचे जंतांवरचे औषध. दारुहळदीतील बर्बेरीन या पिवळ्या द्रव्याचा आयमेरियावरील परिणाम अलीकडे स्वतंत्रपणे तपासला गेला असून तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. मात्र कारखान्यात मोजूनमापून केलेली पूड आणि घरी उखळात कुटलेली साल यांस एकच नाव असले, तरी त्या एक नव्हेत.

येथे करारावर कोंबड्या पाळणाऱ्यांस एक सूचना करणे अवश्य आहे. बेळगाव, खानापूरच्या बाजूस काय किंवा अन्यत्र काय, आता पुष्कळ घरी पिल्ले, खाद्य व औषध कंपनीचे आणि शेड, वीज व मेहनत शेतकऱ्याची असा व्यवहार चालतो. कंपनीच्या खाद्यात आयमेरियाचे औषध बहुधा आधीच मिसळलेले असते. त्यावर आपल्या मनाने दुसरे काही मिसळणे धोक्याचे, आणि कराराच्याही विरुद्ध. मोनेन्सिनसारखी औषधे असलेले खाद्य चुकूनही घोड्यास घालू नये. अत्यल्प मात्रेनेही घोडा दगावतो. टांग्याचे दिवस सरले असले तरी लग्नाच्या वरातीसाठी घोडा बाळगणारे शेजारी अजून आहेत, म्हणून लिहिले.

हे सारे वाचून कोणी म्हणेल की मग गरिबाने करावे तरी काय? आमचे उत्तर असे की सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचे औषध तुसात आहे. वर सांगितलेच की बीज पिकण्यास ऊब, ओल व हवा लागते. ऊब आणि हवा आपण बंद करू शकत नाही, कारण पिल्लांनाही ती हवीच असतात. उरली ओल. तूस कोरडे राहिले तर बीजे पिकण्याआधीच पुष्कळशी वाळून मरतात. भांड्याखालचे तूस मूठभर हाती घेऊन दाबावे. मूठ उघडल्यावर त्याचा गोळा तसाच राहिला तर ते फार ओले. हळूहळू सुटले तर ठीक. ओले तूस त्याच घटकेस उचलून बाहेर टाकावे, तेथे नवे घालावे, आणि सारी गादी दिवसाआड खालीवर करावी. पावसाळ्यात वाऱ्याच्या बाजूस गोणपाट सोडावे, पण चारी बाजू बांधून शेडची पेटी करू नये; कोंडलेल्या वाफेनेच तूस अधिक भिजते. पाण्याची भांडी पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर टांगावीत, म्हणजे त्यांत पाय पडत नाहीत आणि पाणी सांडत नाही. गादीत थोडी विरलेल्या चुन्याची पूड मिसळण्याची चाल चांगली आहे. शेडमध्ये दाटी करू नये. हा शेवटचा उपदेश कोणास रुचत नाही, कारण दहा पिल्ले कमी म्हणजे दहा पिल्लांचा नफा कमी असे वाटते. दाटीच्या शेडमधले तूस तिसऱ्या आठवड्यात कसे होते, ते ज्याचे त्यानेच नाकाने पारखावे.

फिनेल शिंपडून ही बीजे मरत नाहीत. त्यांचे कवच इतके चिवट असते की नेहमीची जंतुनाशके त्यांस शिवत नाहीत, आणि ओलसर सावलीच्या जागी ती कित्येक महिने जिवंत राहतात. उष्णता, कोरडेपणा आणि अमोनिया यांपुढे मात्र ती टिकत नाहीत. म्हणून एक बॅच गेली की जुने तूस शेडपासून लांब नेऊन त्याचा ढीग रचावा. आतून तापून खत होताना बीजे मरतात. जमीन खरवडून, धुऊन वाळू द्यावी. फ्लेम गन मिळत असेल तर फरशीवरून जाळ फिरवावा, आणि मग चुना सारवावा. शेडमध्ये जाण्याच्या चपला निराळ्या ठेवाव्यात. गावठी कोंबड्या दिवसभर उकिरडा उकरतात आणि संध्याकाळी ब्रॉयलरच्या शेडभोवती घुटमळतात. स्वतः ठणठणीत दिसल्या तरी त्या बीजे वाहतात.

त्या ठणठणीत का दिसतात, यातही एक मर्म आहे. लहानपणी थोडथोडी बीजे पोटात गेल्याने त्यांच्या अंगी प्रतिकारशक्ती आलेली असते. ती ज्या त्या जातीपुरतीच असते; टेनेला सोसलेली कोंबडी मॅक्सिमापासून सुरक्षित नसते. या तत्त्वावर अमेरिकेत १९५२ मध्ये जिवंत बीजांची लस निघाली, आणि आज निरनिराळ्या देशांत अशा लसी वापरात आहेत. ब्रॉयलरचे आयुष्य जेमतेम सहा आठवड्यांचे, तेवढ्यात प्रतिकारशक्ती येऊन वजनही भरावे, ही तारेवरची कसरत आहे.

इतके करूनही तुसावर रक्त दिसलेच, तर दिवस घालवू नये. नुकतेच मेलेले एक पिल्लू पिशवीत घालून तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात न्यावे. डॉक्टर ते फाडून पाहतील; शेवटच्या दोन पिशव्या रक्ताने फुगलेल्या असल्या तर निदान पाच मिनिटांत होते. दिलेले औषध सांगितलेल्या मात्रेत, सांगितलेले दिवस, पूर्ण द्यावे. अॅम्प्रोलियम चालू असताना बी जीवनसत्त्वाचे टॉनिक पाजू नये. हे औषध आयमेरियाची बी-१ जीवनसत्त्वाची वाट अडवूनच त्यास मारते. आपणच ते जीवनसत्त्व वरून ओतले, तर केलेले व्यर्थ जाते. शक्ती यावी म्हणून टॉनिक देण्याचा मोह फार होतो, म्हणून मुद्दाम सांगितले. सल्फा औषध दिले असेल तर डॉक्टरांस के जीवनसत्त्वाविषयी विचारावे. आणि खाद्य आपले स्वतःचे असेल, तर ज्यांची हळदीवर श्रद्धा आहे त्यांनी पुढल्या बॅचच्या खाद्यात पहिल्या दिवसापासून क्विंटलमागे किलोभर चांगली हळद अवश्य मिसळावी. वरच्या आतड्यातील जातींसाठी तिचा उपयोग आहे. मात्र ती घरी दळलेली असावी. बाजारातल्या भडक पिवळ्या पुडीत कधीकधी शिशाचा रंग मिसळलेला सापडतो, आणि तो पिल्लाच्या वाटेने माणसाच्या ताटात येतो.

औषध दिलेल्या कोंबड्या लगेच विकू नयेत आणि घरीही कापू नयेत. प्रत्येक औषधानंतर किती दिवस थांबावयाचे ते डब्यावर छापलेले असते. वाचता न आल्यास शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्यावे. औषध ज्या दिवशी बंद केले त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने खूण करावी आणि पुढचे दिवस मोजावेत. माल उचलावयास आलेला व्यापारी घाई करील, गाडी परत जाईल म्हणून सांगेल. त्यास चहा द्यावा आणि ती खूण दाखवावी.